‘येतो’ म्हणून गेलेला वाघ

“वैशाली, लोक येतात आणि पळून जातात. आपण चावतो का त्यांना?”

निनाद सर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारत होते. मी औंढा नागनाथला आमच्या वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले होते. खाली कुकरची शिट्टी झाली म्हणून मी माइक बंद केला आणि मग पुन्हा चालू केला.

“चावत नाही सर. मारतो. वेशीतच.”

आमच्या गेमचं नाव सातगढी. मोबाइलवर एकाच वेळी शेकडो लोक खेळतात, टोळ्या करतात आणि एकमेकांच्या गढ्या जिंकतात. गेम आता म्हातारा झाला होता. एके काळी ज्यांनी कॉलेज बुडवून तो खेळला, ते आता पोरांना शाळेत सोडून येतात आणि मग खेळतात. मी या गेमची कम्युनिटी मॅनेजर. म्हणजे खेळाडूंच्या शिव्या मराठीतून ऐकायच्या आणि इंग्रजीतून पुण्याला कळवायच्या. सासूबाईंच्या मते मी दिवसभर मोबाइल बघते आणि कुणीतरी खुळा त्याचा पगार देतो.

आज आलेल्या नव्या लोकांपैकी उद्या किती परत दिसतात, याला आमच्या धंद्यात रिटेन्शन म्हणतात. आमचं रिटेन्शन बघितलं की निनाद सरांना ॲसिडिटी व्हायची. ते प्रॉडक्ट हेड, म्हणजे गेम चालला तर त्यांचं कौतुक आणि नाही चालला तर आमची मीटिंग. वरून निरोप आला होता: दिवाळीपर्यंत नवे लोक टिकले नाहीत तर सर्व्हर बंद. सर्व्हर बंद म्हणजे मीही बंद. औंढ्यात बसून असली नोकरी दुसरी मिळणार नव्हती, आणि पुण्याला खोली घेऊन राहायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मी घाबरले होते. कॉलवर मात्र मान डोलावत होते.

उपाय करून झाले होते. नव्या माणसाला फुकट तलवार दिली. मग फुकट घोडा दिला. जुने खेळाडू नव्याला मारायचे आणि घोडा घेऊन जायचे. त्या आठवड्यात जुन्यांचं रिटेन्शन मात्र फार सुंदर होतं.

या जुन्यांतले एक आमच्याच गावचे. सलीमभाई, बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पाणी ओढायच्या जळक्या मोटारी ते नव्याने गुंडाळून देतात. काउंटरवर तांब्याची तार, आणि तारेच्या रिळाला टेकवलेला मोबाइल. त्यांची टोळी गेममध्ये नावाजलेली. मी सरळ दुकानात गेले.

“सलीमभाई, नवीन लोकांना काहून मारून राहिले तुमी?”

“भाभी, गेम मारायचाच हाय ना? का हळदीकुंकू करायचं?”

“आणि तुमच्या टोळीत नवीन येतात, त्यांच्याशी तरी बोला ना.” गेम नव्या माणसाला आपोआप कुठल्या तरी टोळीत टाकतो, आणि तिथे त्याला कुणी विचारत नाही, ही दुसरी तक्रार होती.

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. “कुणासंग बोलू? आज येतेत, उद्या गायब. नाव याद करायची बी तकलीफ. पयले आमी वीसजण व्हतो. कोणी दुबईला गेला, कोणाचं लगीन झालं. आता चौघं उरलो. त्यातला गणपत सिद्धेश्वर धरणात मासे धरतो, त्याला भिंतीवर बसल्याबिगर रेंज न्हाई. गेम बंद झाला तर आमी चौघं कुठं भेटावं, सांगा?”

चहा पिऊन परत आले.

त्या संध्याकाळी मी नव्या माणसाच्या डोळ्यांनी गेम उघडला. आमचं मराठी पूर्वी कुठल्याशा मशीनकडून करून घेतलेलं. मेल्यावर स्क्रीनवर यायचं, ‘आपण मृत आहात. पुनर्जन्म घ्यावयाचा आहे काय?’ आणि बाहेर पडायच्या बटणावर लिहिलेलं, ‘निर्गमन’. हे वाचून माणूस परत येईल कसा? तेराव्याला आल्यासारखं वाटत होतं.

मी सरांना म्हणाले, भाषा बदलू या. खर्च शून्य. शून्य ऐकल्यावर ते लगेच हो म्हणाले.

मी ‘निर्गमन’ काढलं आणि ‘येतो’ टाकलं. आपल्याकडे कुणाच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. बटणावरसुद्धा तेच असावं, इतकाच माझा विचार. स्वतःवर खूश होऊन मी दोन वेळा चहा घेतला.

दोन दिवसांनी सरांचा फोन. आवाज चढलेला. “वैशाली, लोक भर लढाईत लॉगआउट होतायत! काय केलंस तू?”

मला काही कळेना. तेवढ्यात हेल्पलाइन वाजली. हेल्पलाइन म्हणजे माझाच दुसरा मोबाइल. पलीकडे एक बाई.

“ओ मॅडम, तुमचा गेम माणसाला भायेर हाकलतो का?”

“आपलं गेममधलं नाव?”

“पुसेगावचा वाघ.”

या सुमनबाई. आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेगावच्या अंगणवाडी सेविका. त्यांची गोष्ट अशी. त्या सलीमभाईंच्या टोळीत पडल्या होत्या. ऐन लढाईत टोळीतून कुणीतरी सगळ्यांना हाक मारली, ‘गढीकडं या रे!’ बाईंना स्क्रीनच्या कोपऱ्यात बटण दिसलं, ‘येतो’. त्यांनी ते दाबलं.

“म्या म्हणलं येतो, अन् तुमच्या गेमनं मला घरी धाडलं. अन् आणखी एक. म्या बाई हाये. येतो काय? येते पायजे.”

“पण नाव तर वाघ घेतलंय तुम्ही.”

“वाघीण कोणीतरी आधीच घेतलंय.”

मी कपाळाला हात लावला. जाताना ‘येतो’ म्हणतात, तसं हाकेला ओ देतानाही ‘येतो’ म्हणतात. आयुष्यभर मराठी बोलणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. लोक मदतीला धावत होते आणि मी त्यांना दाराबाहेर ढकलत होते.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “येतो म्हणजे आय ॲम कमिंग. साधं आहे.”

“सर, तुम्ही कुणाच्या घरून निघताना काय म्हणता?”

“बाय.”

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळपर्यंत जुना शब्द परत टाक, असा हुकूम झाला. बदलण्याआधी म्हणून सलीमभाईंच्या टोळीचं चॅट उघडलं, आणि हात थांबला.

गेममधल्या प्रत्येक शब्दाला किंवा वाक्याला आम्ही स्ट्रिंग म्हणतो. एक स्ट्रिंग बदलली की ती जिथे जिथे वापरली असेल तिथे बदलते. बटणावरचा शब्दच चॅटमध्येही उमटत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पूर्वी कुणी बाहेर पडलं की टोळीला दिसायचं, ‘अमुक: निर्गमन’. आता दिसत होतं, ‘पुसेगावचा वाघ: येतो’. जणू त्याने स्वतःच सांगितलंय.

आणि खाली हे:

सलीमभाई: थांबा रे. वाघ येतो म्हणला.

गणपत: मी गढीपाशी हाय. जाऊ का आत?

सलीमभाई: न्हाई. येऊ दे त्याला.

वाघ आला नाही. चौघं ताटकळले, तेवढ्यात दुसऱ्या टोळीने त्यांना कापलं. मग वाघाच्या नावाने ज्या शिव्या होत्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. पण दुसऱ्या संध्याकाळी सलीमभाईंचा पहिलाच मेसेज होता, ‘वाघ आला का?’ ज्या माणसाला नव्यांची नावं लक्षात ठेवायची तकलीफ होती, तो नाव घेऊन विचारत होता.

मी सुमनबाईंना फोन लावला. “एकदा परत जाऊन बघा.”

त्या गेल्या. आत पाय ठेवताच चौघं तुटून पडले. येतो म्हणून कुठं गेलतास? आमी मेलो ना तुझ्यापायी! बाईंनी मला नंतर सांगितलं, “माझी वाट बघून राहिले व्हते ते. मंग लाजंनं बसले.” त्या दिवशी बसल्या त्या रोजच बसू लागल्या. त्या बाई आहेत हे कळल्यावर गणपत शिव्या देताना ‘ताई’ लावू लागला.

मी निनाद सरांशी भांडले. लोक लवकर बाहेर पडतात हे खरं, पण दुसऱ्या दिवशी परत येणारे वाढलेत, हे त्यांना त्यांच्याच ग्राफवर दाखवलं. सरांनी तो ग्राफ मोठा करून पाहिला. मग म्हणाले, “दिवाळीपर्यंत ठेव.”

निघायचं बटण लढाईच्या वेळी लपवलं. हाकेला ओ द्यायला वेगळं बटण दिलं, ‘आलो/आले’. निघायच्या बटणावर ‘येतो/येते’. चॅटमधल्या ओळीला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही.

दिवाळी झाली. सर्व्हर चालू राहिला. सलीमभाई अजूनही वेशीत नव्यांना मारतात, फक्त आता आधी नाव विचारतात. टोळी चौघांची अकरा जणांची झाली. फुकट घोडा आम्ही बंद केला. माणूस घोड्यासाठी थांबत नाही, आपल्यासाठी कुणीतरी खोळंबलंय म्हणून थांबतो. हे कळायला आमच्या कंपनीला बरेच घोडे लागले.

निनाद सरांनी यावर इंग्रजीतून प्रेझेंटेशन केलं. त्यात माझं नाव शेवटच्या स्लाइडवर होतं, बारीक अक्षरात. ते बघून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्या प्रेझेंटेशनवर त्यांना बंगळुरूला मोठी नोकरी लागली. शेवटच्या कॉलवर ते म्हणाले, “ओके वैशाली, बाय.”

“बाय काय सर? ‘येतो’वर इतकं प्रेझेंटेशन केलंत.”

ते हसले. जरा थांबून म्हणाले, “येतो.”

सलीमभाईंना मी हे दुकानात सांगितलं. त्यांनी तार गुंडाळता गुंडाळता विचारलं, “मंग? आले का?”

“बंगळुरूला गेलेत हो. ते कशाला येतात?”

“येतो म्हणले ना? मंग थांबा की, भाभी.”