निंबाखालचा थांबा

"आधी उभे राहा, मग रेघ मारा!"

नकाशावर बसमार्ग आखायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हातातून आमचे सर पेन्सिल काढून घेत. सरकारी नोकरीत अर्धं आयुष्य बसचे मार्ग आखून ते झाशीतल्या आमच्या कॉलेजात स्थापत्य शिकवायला आले होते. घराणं झाशीतलंच, मराठी. वर्गात हिंदी, माझ्याशी मराठी, आणि रागावले की दोन्ही.

पहिल्या तासाला ते स्वतःचीच चूक शिकवत. बरुआसागरच्या रस्त्यावरची बसथांब्याची एक शेड त्यांनी भर थंडीत आखली होती; ऊन छान आत येतं, म्हणून खूश झाले होते. उन्हाळ्यात तेच ऊन दुपारभर बाकावर. माणसं पुढच्या निंबाखाली बसत, बस थांबे शेडपाशी. भाजी विकून परतणाऱ्या बाया टोपल्या घेऊन धावत. त्यात एक पडली, तिचा पाय मोडला.

"माझ्यामुळे मोडला," ते म्हणत. तुम्ही-आम्ही हे चारचौघांत म्हटलं असतं का?

थांबा निंबाखाली न्यावा म्हणून ते कचेरीत खेटे घालत राहिले. एकदा मीही सोबत होतो.

"शेड तो अच्छी-भली है, सर जी. क्यों हटाएँ?"

"भैया, जेठ की दोपहर में दस मिनट बैठ के देखिए."

कुणी बसलं नाही. पुढे ते कॉलेजातूनही निवृत्त झाले. मग उन्हाळ्याच्या दुपारी डोक्याला पंचा गुंडाळून ते स्वतःच निंबाखाली उभे राहू लागले. बस दिसली की हात करत. बस थांबे, बाया चढत, आणि हे चढतच नसत. सुरुवातीला ड्रायव्हर चिडत. लोक हसत. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

या चैत्रात ते गेले. ज्येष्ठात कामासाठी मी बरुआसागरची बस पकडली. शेड मागे पडली. निंबाखाली बाया बसल्या होत्या. कुणी हात केला नाही, तरी बस थांबली. बाया सावकाश उठल्या, टोपल्या आत दिल्या, चढल्या.

"स्टॉप तो पीछे था न?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"नहीं साहब, बाबूजी वाला यही है."

बस निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. निंबाखाली कुणीच उरलं नव्हतं. ते गेल्याचं मला तेव्हा खरं वाटलं.