पुलाखालचे मास्तर

आमच्या बोट क्लबात नव्याने येणाऱ्यांना मास्तर म्हणजे शाळामास्तर वाटायचे. ते शिंपी होते. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. आत दोन शिलाई मशिनं, एक लांब टेबल, आणि भिंतीवरच्या खुंट्यांना लटकवलेल्या, अजून अंग न मिळालेल्या बाह्या. गळ्यात टेप असायची, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माणूस पायरी चढून आत येईपर्यंत त्याचा खांदा आणि कंबर मास्तरांनी नजरेनेच मापलेली असायची. एकदा एका जाडजूड कंत्राटदाराने श्वास रोखून, पोट आत ओढून माप दिलं. मास्तरांनी टेपेवरचा आकडा मोठ्याने वाचला आणि वहीत आपला लिहिला. पँट बरोबर बसली. कंत्राटदार गावभर सांगत सुटला की आपण बारीक झालो.

मास्तर जाऊन आता आठ महिने झाले. क्लबाच्या अंकात त्यांच्याबद्दल तुम्हीच लिहा, असं अध्यक्षांनी मला सांगितलं. मी पाण्याच्या कचेरीत मीटर वाचत नोकरी काढली, मजकूर असा कधी लिहिला नाही. पण मास्तर बसायचे ती होडी मीच वल्हवायचो, तेव्हा नाही म्हणता आलं नाही.

शिडाच्या बोटींशी मास्तरांचा संबंध आला तो फाटलेल्या शिडामुळे. कोणीतरी ते दुकानात आणून टाकलं. मास्तरांनी शिवून दिलं, पण ते तिथेच का फाटलं हे त्यांना कळेना. म्हणून ते बघायला धक्क्यावर आले, आणि पुढे चौतीस वर्षं येत राहिले. स्वतःची बोट त्यांनी कधी घेतली नाही.

दर उन्हाळ्यात क्लबाच्या सगळ्या बोटी मिळून नदीने वर जातात. तीन दिवसांवर नदीकाठचं एक गाव आहे, तिथपर्यंत. वाटेत तीन पूल लागतात. बोटीच्या मधोमध उभी असलेली डोलकाठी पुलाखालून जाईल की नाही, हा तिथे खरा प्रश्न असतो. वरच्या बंधाऱ्यातून किती पाणी सोडलंय त्यावर नदी रोज वरखाली होते, म्हणून खांबावर रंगवलेल्या आकड्यांचा उपयोग नाही. आणि बोटीत बसून वर पाहिलं, तर प्रत्येक काठी पुलाला धडकणार असंच वाटतं. कितीही मुरलेला माणूस असला तरी डोकं खाली घेतोच. खरं काय ते फक्त बाजूला उभ्या असलेल्यालाच दिसतं.

तो बाजूला उभा असलेला माणूस म्हणजे मास्तर. आम्ही दोघे होडीतून पुढे जायचो आणि खांबात बसवलेल्या लोखंडी कडीला होडी बांधायचो. एकेक बोट समोर आली की मास्तर कपाळावर हात धरून तिच्या काठीचं टोक आणि पुलाची तुळई बघायचे आणि ओरडायचे, "चालेल!" क्वचित कधी ओरडायचे, "काठी!" मग त्या बोटीने बाजूला जायचं, शीड गुंडाळायचं, काठी उतरवायची, पलीकडे जाऊन पुन्हा चढवायची. तासा-दोन तासांची हमाली. तरी मास्तरांच्या शब्दावर कोणी वाद घालत नसे. अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. ते म्हणायचे, "मी लोकांना 'दुखणार नाही' म्हणतो, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मास्तर 'चालेल' म्हणतात, तर बायकापोरांसकट खाली घुसतात."

त्यांच्या डोळ्यांचं मला कळलं ते या सगळ्याच्या शेवटच्या तीन वर्षांत. दवाखान्यात सोबत म्हणून मला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी झीज झाली आहे, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही. बाहेर बाकावर बसल्यावर मास्तर माझ्याकडे वळून बराच वेळ बघत राहिले.

"काय बघतोस?" मी विचारलं.

"तुझे कान दिसतात, शर्ट दिसतो. चेहरा सोडून सगळं दिसतंय."

"बरंच झालं की मग."

"तेवढंच सुख," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "क्लबात सांगू नकोस."

"आणि वहिनींना?"

"तिला कळलंय. सुईत दोरा तीच ओवून ठेवते हल्ली. दहा-दहा सुया टोचून ठेवते उशीत. बोलत नाही, मीही बोलत नाही."

मी शब्द दिला. तो द्यायला नको होता, हे मला त्या वेळीही वाटत होतं.

पुढे त्यांनी काय केलं ते फक्त मला ठाऊक होतं. हिवाळ्यात बोटी शेडमध्ये येतात, काठ्या उतरवून लाकडी घोड्यांवर आडव्या ठेवतात. मास्तर टेप धरायचे, मी आकडा वाचायचो. सतराही बोटींच्या काठ्यांची उंची त्यांनी पाठ केली. तिन्ही पुलांच्या कड्यांपासून तुळईपर्यंतची उंची जुन्या कागदांत होती, ती मी वाचून दाखवली, तीही पाठ केली. मग पुलाखाली गेल्यावर कडीपासून पाण्यापर्यंत किती अंतर आहे ते वल्हं टेकवून, हाताने चाचपून घ्यायचे. उरलं ते वजाबाकीचं काम. शिडांचे रंग त्यांना कळत होते, माणसांचे आवाज कळत होते. बोट कोणती ते ओळखलं की उत्तर तयार. कपाळावर हात ते तरीही धरायचे. मी शेजारी बसलेलो असायचो, मला दिसायचं की ते भलतीकडेच बघताहेत.

दोन उन्हाळे असे गेले. एकही काठी लागली नाही. मलाही वाटू लागलं की असंच चालत राहील.

तिसऱ्या उन्हाळ्यात, दुसऱ्या पुलापाशी, बेकरीवाल्या बहिणींची बोट आली. पिवळं शीड, आणि लांबूनच ऐकू येणारं भांडण.

"ताई, सुकाणू इकडे!"

"इकडे म्हणजे कुठे? तुझं इकडे का माझं इकडे?"

मास्तर हसले, हात कपाळावर नेला आणि ओरडले, "चालेल!"

मी वर पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. बहिणींनी निघायच्या आदल्या दिवशी काठीच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण बसवला होता. दीड हात लांबीचा, लोखंडी, टोकदार. तुळईला लागून तो कडकन तुटला आणि सरळ खाली आला. धाकटीचा हात फळीवर होता. त्या हातापासून चार बोटांवर तो फळीत रुतला.

बोट पलीकडे गेली. मग थोरलीचा आवाज आला. "आमचीच चूक हो मास्तर! सांगायला हवं होतं तुम्हाला. परवाच बसवला मेला." आणि मागच्या बोटीतून कोणी तरी म्हणालं, "भट्टीतले पाव टोचून काढायला वापरा आता तो!" सगळे हसले. धाकटीही हसली, पण तिने तो हात दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला होता.

संध्याकाळी मुक्कामावर मास्तरांनी तो बाण मागून घेतला. काठावरच्या ओंडक्यावर बसून ते अंगठ्याने त्याचं टोक पुन्हा पुन्हा चाचपत होते.

"त्यांनी सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक जाड झालंय हे शिंप्याला सांगावं लागतं का?"

मग मी म्हटलं, "आता तू सांगून टाक. नाहीतर मी सांगतो."

"सांगेन. उद्याचा एक पूल राहिलाय. तो झाला की गावात पोचल्यावर सगळ्यांसमोर सांगतो. चौतीस वर्षं झाली रे. एवढा एक पूल होऊ दे."

मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा.

तिसरा पूल रेल्वेचा, आणि सर्वांत बुटका. दुपारी आम्ही पुढे गेलो, होडी कडीला बांधली. मास्तरांनी वल्हं टेकवलं, हाताने अंतर चाचपलं, ओठांत आकडे पुटपुटले. मग पुन्हा चाचपलं. पहिली बोट अध्यक्षांची, निळ्या शिडाची. ती वळणावरून पुढे आली, वारा मागून होता, वेग चांगला होता. मास्तरांनी हात कपाळावर नेला आणि तसाच खाली घेतला.

"काठी!" ते ओरडले. "सगळ्यांनी काठी! सगळ्यांनी!"

असं आजवर कधी झालं नव्हतं. अध्यक्षांनी बोट कशीबशी बाजूला घेतली. मागच्या बोटी एकमेकींच्या अंगावर येत थांबल्या. शिडं फडफडत होती, कोणी कोणाला शिव्या घालत होतं.

"मास्तर, अहो पाच वाजता गावातले लोक धक्क्यावर येऊन उभे राहणार!" अध्यक्ष ओरडले. "सतरा काठ्या उतरवायच्या म्हणजे काय चेष्टा आहे?"

"नाही, चेष्टा नाही."

"गेल्या वर्षी पाणी याच्याहून वर होतं. सगळे उभ्या काठीने गेलो!"

"गेलो."

"मग आज काय झालं?"

मास्तर होडीत उभे होते. एका हाताने त्यांनी ती कडी धरली होती. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, पाण्याकडे पाहत होतो.

"आज मला तुमची काठी दिसत नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "काल या बहिणींचीही दिसली नव्हती. दोन वर्षं झाली, एकही दिसलेली नाही. उंच्या पाठ आहेत, त्यावरून सांगतो."

आवाज मोठा नव्हता, पण पुलाखाली आवाज घुमतो. सगळ्यांना ऐकू गेलं.

थोरल्या बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस आम्ही काय पाठांतरावर जात होतो?"

"हो बाई. पाठांतरावर."

कोणी तरी हसायला लागलं आणि थांबलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हटलं.

"आणि तुम्ही तोंडातून चकार शब्द काढला नाहीत. माझी नातवंडं होती हो मागच्या वर्षी बोटीत."

हे त्यांनी ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मास्तर मध्येच म्हणाले, "त्याला मी शब्दात अडकवलं होतं. बोल मला लावा." पण शब्द मी दिला होता, आणि आदल्या संध्याकाळी मोडायची संधीही मला मिळाली होती. हे इथे लिहून ठेवतो.

काठ्या उतरल्या. मास्तर प्रत्येक बोटीवर जाऊन दोर धरू लागले, कारण दोर हातांना दिसतो. पहिल्या दोन बोटींवर त्यांना कोणी नको म्हटलं नाही आणि या असंही म्हटलं नाही. पिवळ्या शिडाच्या बोटीपाशी आल्यावर ते थबकले. धाकटीने दोराचं टोक त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "ताणून धरा. ताई सोडते तेव्हा सांगत नाही."

"सांगते की!" थोरली म्हणाली.

"सोडल्यावर सांगतेस."

पलीकडे गेल्यावर अध्यक्षांनी लांब बांबू घेऊन मोजून पाहिलं. ते रागात होते म्हणून नव्हे, त्यांना राहवलं नाही म्हणून. मग होडीजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, सगळ्या गेल्या असत्या. हातभर जागा होती."

"माहीत आहे. माझं गणितही तेच सांगत होतं."

"मग कशाला?"

"कालचंही गणित बरोबरच होतं."

अध्यक्षांनी बांबू बोटीत टाकला. मग म्हणाले, "चला, उशीर झालाय."

गावात पोचायला साडेसात वाजले. स्वागताला आलेले लोक कंटाळून घरी गेले होते. दोर घ्यायला तिथला एक म्हातारा पहारेकरी आणि शाळेच्या बाई एवढेच थांबले होते. पाण्यावर अजून उजेड होता. बोटी बांधून सगळे वर जेवणाच्या हॉलकडे निघाले, दोघं-तिघं मिळून, आपापसात बोलत. विषय काय होता ते न सांगताही कळत होतं. आम्ही दोघं मागे राहिलो.

गेली तीन वर्षं मास्तर माझ्यामागून एक पाऊल अंतर ठेवून चालायचे. माझ्या चपलांचा आवाज ऐकत. मी मुद्दाम पाय घासत चालायचो. वहिनी एकदा म्हणाल्याही होत्या, "भावजी, पाय उचला की, चपला महिन्यात झिजतील." त्या दिवशी धक्क्यावर मी नेहमीसारखा पुढे निघालो, तर मास्तर म्हणाले, "थांब."

त्यांनी माझा दंड धरला. सगळ्यांच्या देखत असा कधी धरला नव्हता. पुढे चाललेल्यांपैकी दोघांनी वळून पाहिलं, मास्तरांनी हात काढला नाही. हात थंड होता आणि पकड शिंप्याची, कापड पारखावं तशी.

"पायऱ्या आहेत का रे इथे? दर वर्षी मी तुझ्या चपलांच्या आवाजावर चढतो."

"आहेत. नऊ आहेत."

आम्ही चढू लागलो. ते मनात मोजत होते, ओठ हलत होते. नवव्या पायरीनंतर त्यांनी सपाट जमिनीवर टाकावा तसा पाय टाकला, आणि दहावी पायरी लागून माझ्या अंगावर कोसळले. मी कठड्याला धरलं म्हणून दोघेही वाचलो.

"लागलं का?"

"नाही." त्यांचा श्वास चढला होता. गुडघा चोळत ते म्हणाले, "नऊ काय म्हणतोस मग?"

"चुकलं माझं."

"डोळे असून?"

"असून."

ते हसले नाहीत. पण दंडही सोडला नाही. वरच्या रस्त्यावर दिवे लागत होते. हॉलच्या दाराशी अध्यक्ष उभे होते, दार पायाने अडवून धरलेलं, आम्ही येईपर्यंत ते बंद होऊ नये म्हणून.

"उंबरा आहे," आम्ही जवळ येताच ते म्हणाले. "एकच आहे, मास्तर. मी बघितलाय."