तिरक्या घरातलं दूध

जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका खेड्यातलं ते जुनं शेतघर पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून "अय्या, किती गोड!" निघालं आणि नवऱ्याच्या तोंडून "बाप रे!" काळपट ओक लाकडाच्या तुळयांचा सांगाडा, उभ्या, आडव्या, तिरक्या, आणि मधल्या चौकटींत पेंढा-माती लिंपून वर पांढरा चुना. सांध्यांना खिळे नाहीत, लाकडाच्याच खुंट्या. वरचा मजला खालच्यापेक्षा वीतभर पुढे आलेला. आणि सगळं मिळून डावीकडे असं कललेलं, की शेजारच्या घराला काहीतरी कानात सांगतंय.

नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे मिलिमीटर चुकला तरी मीटिंग बसते. त्याने मोबाइलमधली लेव्हल काढली आणि खोल्याखोल्यांतून जमिनीवर ठेवत फिरला. दोनदा दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं आणि म्हणाला, "इथे एकसुद्धा काटकोन नाही."

"मग तू जा काटकोनात राहायला," मी म्हटलं. "मी इथे राहते."

मला ते घर हवं होतं. हवं म्हणजे हवंच! शहरात आमची एकच खोली. पुण्याहून सासूबाई आल्या की ओट्याला पाय लावून झोपायच्या. घर बघायला रांगेत उभं राहायचं, शहाण्यासारखं हसायचं आणि घरी येऊन नकाराची ईमेल वाचायची, या प्रकाराला मी पार विटले होते.

मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या, वरचा मजला त्यांना भाड्याने द्यायचा होता. वय ऐंशीच्या पुढे, पण त्या घरात ताठ अशा त्या एकट्याच. जन्म तिथलाच. त्यांनी आधीच बजावलं होतं, घर डेंकमाल आहे, सरकारी संरक्षणातलं, तुळईला खिळा ठोकायचा नाही आणि लाकडी जमिनीवर पाणी ओतायचं नाही. रविवारी चारला केक खाऊन सह्या करू म्हणाल्या. आणि जाता जाता, नाहीच जमलं तर सहाला एक डेंटिस्ट जोडपं यायचंय, हेही सांगून ठेवलं. रविवारी मापं घ्यायला म्हणून वरच्या मजल्याची किल्ली मात्र दुपारीच हातात दिली.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच आलेल्या होत्या. वर पोचताच त्यांनी पिशवीतून पातेलं काढलं. "आधी दूध उतू घालवायचं, मग सही."

"अहो आई, घर अजून आपलं झालेलं नाही."

"म्हणूनच तर!"

इकडे भाड्याचं स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक नळ. ओटासुद्धा आपण आणायचा. म्हणून आम्ही विजेची शेगडी जमिनीवरच मांडली, पूर्वेला तोंड करून. नवऱ्याने खाली वर्तमानपत्रांच्या घड्या घालून ती अगदी लेव्हलमध्ये आणली. शेगडी सरळ झाली. जमीन तिरकीच राहिली, हे कारखान्यातल्या त्या हुशार माणसाच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्याही नाही.

दूध फसफसत वर आलं. सासूबाईंनी हात जोडले, मी डोळे मिटले. पुण्यात ते ओट्यावर सांडतं आणि आपण फडक्याने पुसतो. इथे ते चालायला लागलं. डोळे उघडते तो पांढरा ओघळ खोली ओलांडून डावीकडच्या कोपऱ्याकडे निघालेला आणि नवरा रुमाल घेऊन त्याच्या मागे! कोपऱ्यात फळ्यांमध्ये बोटभर फट होती. दूध तिच्यात गुडूप झालं.

खालून आवाज आला, "आल्झो!" म्हणजे आपलं "हे काय आता!"

मालकीणबाई केकची बशी घेऊनच जिना चढून आल्या. सफरचंदाच्या केकवर दुधाचे थेंब. "चुकून सांडलं ना?" त्यांनी विचारलं. हो म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा, तेवढ्यात आमचे सत्यवचनी इंजिनिअर म्हणाले, "नाही. मुद्दाम."

मला त्याला त्याच फटीत कोंबावंसं वाटलं.

मोडक्या जर्मनमध्ये मी सांगायला लागले, की घरात सगळं उतू जाईल इतकं असावं, म्हणून आमच्यात असं करतात. तोवर सासूबाईंनी उरलेल्या दुधात साखर-वेलची घालून वाटी पुढे केली होती. "घ्या हो," त्या चक्क मराठीतच म्हणाल्या. मालकीणबाईंनी वास घेतला आणि शेगडीच्या रिकाम्या खोक्यावर बसून वाटी संपवली. मग म्हणाल्या, "खाली माझं स्वयंपाकघर आहे ना, तो आमचा गोठा होता. गाई विकल्या तेव्हापासून इथे तापत्या दुधाचा वास आला नव्हता."

वाटी ठेवून त्या खाली गेल्या. आम्ही मागोमाग. छताच्या चुन्यावर हा एवढा ओला डाग! गेलं घर! त्यांनी डाग पाहिला आणि त्या डेंटिस्टांना फोन लावला. "नमस्कार. आज येऊ नका. छताला डाग पडलाय. असं घर मी लोकांना दाखवत नसते."

"आम्ही रंगवून देतो," मी म्हटलं.

"हात लावायचा नाही!" त्या कडाडल्या. "हा वाळेपर्यंत मला घर कुणालाच दाखवता येणार नाही. तेव्हा राहा आता तुम्हीच."

मला रडूच फुटलं, तिथेच, त्यांच्या टेबलापाशी. सासूबाईंना एक अक्षर कळलेलं नव्हतं. त्यांनी घाबरून माझा दंड धरला. "काय गं? नाही म्हणाल्या?"

"राहा म्हणाल्या, आई. डाग वाळेपर्यंत."

सासूबाईंनी वर छताकडे पाहिलं. "मग वाळू देऊ नकोस," त्या म्हणाल्या.