मिलराइट दत्ताराम

दत्ताराम गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला. रडून झालं असावं, आवाज कोरडा होता. "काका, मृत्यूनोंदणीचा अर्ज भरतोय. बाबांचा व्यवसाय काय लिहू? तुम्हालाच नीट माहीत." सात वर्षं आमचं बोलणं नव्हतं. माझा राग त्या क्षणीही जागा होता. मी म्हटलं, "हेल्पर लिही." फोन ठेवला आणि मग डोक्यात शिरलं, की माणूस मेलाय...

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत माझा गाळा आहे. जुनी मशिनं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. भंगारातल्या एका ड्रिलवर सुरुवात केली, डोक्यावर कुणाचा हात नव्हता. घासाघीस हेच माझं भांडवल. दत्ताराम मशिनं बसवायचा ती कापडगिरणी बंद पडल्यावर तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्याशीही मी तेच केलं. पगार कमी द्यावा लागावा म्हणून कागदावर त्याला हेल्पर लावलं. तो हसला. "लाव काय लावायचा ता. मी मिलराइट." ही काय भानगड, म्हणून विचारलं, तर आयटीआयच्या मास्तरांकडून ऐकलेलं सगळं त्याने मला चहा निवेपर्यंत सांगितलं. राइट हा फार जुना इंग्रजी शब्द, अर्थ घडवणारा कारागीर. जहाज बांधणारा तो शिपराइट, चाकं करणारा तो व्हीलराइट. आणि यातली मिल म्हणजे कापडाची नव्हे, धान्य दळायची पाणचक्की. ती उभी करायची तर लाकूड, लोखंड, दगड, पाणी, सगळं एकाच माणसाला कळायला हवं. "कापडाची गिरण मागसून इली, शेठ. आमी आदीचे."

मशीन जागेवर ठेवलं, की तो बोल्ट अर्धवट आवळायचा आणि चक्क घरी जायचा. गिऱ्हाईक बोंबलायचं, मीही बोंबलायचो. "मेल्या, लोखंडाक बसाक वेळ लागता," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा बुडबुड्याची लेव्हल लावायचा, खाली हवी तेवढी पत्र्याची पट्टी सारायचा, मगच बोल्ट पक्के. त्याने बसवलेल्या मशीनची तक्रार कधी आली नाही. हे मी त्याला एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर पगार वाढवून मागितला असता ना!

मग ती लेथ आली, लोखंड कातायचं जुनं मशीन. वसईच्या एका माणसाशी सौदा पटला होता, तो हात पुढे करणार, तेवढ्यात दत्ताराम म्हणाला, "शेठ, हिचा पाया झिजलाय. कितीही नीट बसवली तरी काम सरळ येणार नाही." गिऱ्हाईक उठून गेलं. मी सगळ्या कामगारांसमोर ओरडलो, "हेल्पर आहेस तू! हेल्परसारखा राहा!" त्याने लेव्हल फडक्यात गुंडाळली आणि निघून गेला. मला आजही वाटतं, त्याने मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. सात वर्षांत एक फोन करायला हवा होता. त्याने... म्हणजे मीच. आता हे गाऱ्हाणं घेऊन कुणाच्या दारात जाऊ?

तेराव्याला त्याच्या घरी गेलो. मुलाला म्हटलं, "चूक झाली रे माझी. मिलराइट लिहायला हवं होतं."

"नोंद झाली, काका. आणि ते काय असतं? मी लहान असताना बाबा काहीतरी इंग्रजी सांगायचे खरं. पण तुमच्याकडचं काम सुटल्यावर कुणीही विचारलं, की हेल्परच सांगायचे."

मी मान खाली घातली, तर समोरच्या लोखंडी कपाटाचे पाय दिसले. खालची फरशी खचलेली, म्हणून चारही पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारलेल्या, प्रत्येकीची जाडी वेगळी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. असल्या पट्ट्या मुंबईत एकच माणूस कापायचा.

"वहिनी," मी दत्तारामच्या बायकोला म्हटलं, "यातली एक मला द्याल?"

त्यांनी कपाटावर हात ठेवला. "नको, भावजी. हलेल ते."