अधिक महिन्याचं हँडल

ते प्रकरण आठवलं की माझं डोकं अजून तापतं. छत्तीस वर्षं खात्यात काढली. दरोडे पाहिले, खून पाहिले, एका भावाने दुसऱ्याला विहिरीत ढकललेलंही पाहिलं. पण मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल, तर ते एका मोटरसायकलच्या हँडलने, तेही निवृत्तीनंतर आणि बहरीनमध्ये. नावं सांगणार नाही. सगळी माणसं सज्जन आहेत आणि तीच खरी अडचण होती.

मी मुलाकडे सनाबिसला राहायला आलो होतो. वरच्या मजल्यावर पुण्याचा एक इंजिनिअर राहायचा. अस्करच्या कारखान्यात नोकरी, कंपनीच्या बसने जाणं-येणं. गडी मोटरसायकलचा शौकीन. शुक्रवारी सकाळी चार मित्रांबरोबर भटकायला निघायचा. अशाच एका शुक्रवारी सिग्नलला ब्रेक दाबला, तसं हँडल क्लॅम्पमध्ये फिरून खाली गेलं आणि हा रस्त्यावर. मनगट मोडलं. मागून ट्रेलर येत नव्हता म्हणून वाचला.

दोन दिवसांनी त्याची बायको आमच्याकडे आली.

"काका, तुम्ही पोलिसात होतात ना? तक्रार कशी लिहायची ते सांगा. त्या मेकॅनिकने निष्काळजीपणाने हँडल बसवलं. आम्ही त्याच्या मालकालाही कळवलंय."

मालक बहरीनी. त्याने काय उत्तर दिलं होतं, तेही तिने सांगितलं. तक्रार ठाण्यात गेली तर मेकॅनिकचा व्हिसा कॅन्सल, खलास. मेकॅनिक रायगडचा, श्रीवर्धनकडचा कोकणी मुसलमान. पंधरा वर्षं इथे. गावी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एका कागदाने त्या घराची चूल विझणार होती. मी म्हटलं, लिहू, पण आधी माणसाला विचारू तरी. सवय जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन सलमाबादच्या गॅरेजवर गेलो. अपघातग्रस्त गाडी तिथेच भिंतीला टेकवून ठेवली होती. मेकॅनिकने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मी विचारलं, हँडल कुणी बसवलं?

"मीच, साहेब. माजी चूक झाली."

मी चहाचा कप खाली ठेवला. ठाण्यात आणलेला खरा गुन्हेगार पहिल्या प्रश्नाला कबूल होत नाही. तो आधी म्हणतो मी तिथे नव्हतोच, मग म्हणतो होतो पण झोपलो होतो. पहिल्या दमात कबुली देणारा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

"कसं बसवलं? काय चुकलं?"

"चुकलं ते चुकलं, साहेब. आता काय सांगू?"

अर्धा तास घासाघीस केली. नट किती घट्ट केले, पाना कुठला लावला, काही विचारा, उत्तर एकच. चूक झाली. हाताखाली शिपाई असता तर मी त्याच्यावर तरी ओरडलो असतो. इथे मुलगाच होता आणि तो मोबाईलवर ऑफिसचे मेल बघत होता.

खबर मिळाली ती अगदी घरच्या दारात. आमच्या इमारतीखाली एक कोल्ड स्टोअर आहे, म्हणजे आपलं किराणा दुकान. चालवणारा केरळचा. बसल्या जागेवरून त्याला अख्खी पार्किंग दिसते. कुठल्याही गावात गेलो की मी आधी असा माणूस हेरून ठेवतो. दूध घेता घेता मी हँडलचा विषय काढला.

"अंकल, मेकॅनिक आया था, लेकिन हाथ भी नहीं लगाया. देखा, ना बोला, चला गया."

"मग बसवलं कुणी?"

"वो मेरे को नहीं मालूम," तो म्हणाला आणि एकदम बिस्किटाचे पुडे लावायला लागला. त्यालाही सगळं माहीत होतं! त्याचं गिऱ्हाईक तुटायला नको होतं, एवढंच.

मी तसाच परत गॅरेजला गेलो. गाडी उजेडात आणायला लावली आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला साक्षीला उभं केलं. पंचांशिवाय मला करमत नाही. क्लॅम्प उघडायला सांगितला. मेकॅनिक म्हणाला, "राहू द्या ना, साहेब." मी म्हटलं, उघड.

क्लॅम्प म्हणजे हँडलची दांडी मधोमध पकडून ठेवणारी पकड. त्या पकडीचं तोंड मोठं आणि दांडी चांगली सहा मिलिमीटर बारीक. मधली पोकळी भरायला पत्र्याच्या पट्टीचे वेढ्यावर वेढे दिलेले. ब्रेक दाबल्यावर अंगाचा सगळा भार हँडलवर आला की तो पत्रा सरकणारच. कारागिराच्या हाताचं काम नव्हतं ते. कडा वेड्यावाकड्या, घरातल्या कात्रीने कापलेल्या. आणि पत्र्यावर पिवळ्या रंगात तुटकी देवनागरी अक्षरं. सलमाबादच्या गॅरेजात ऑइलचे डबे मिळतील, ग्रीसचे मिळतील. मराठी छापलेला पत्रा तिथे कुठून येणार? मेकॅनिक माझ्याकडे न बघता हात पुसत राहिला.

संध्याकाळी मी इंजिनिअरच्या घरी गेलो. तो हात गळ्यात अडकवून सोफ्यावर. शेजारी त्याचे सासरे. नुकतेच पुण्याहून आलेले, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. अधिक महिना चालू होता. जावयाला वाण द्यायला खास आले होते. मुलीने चहाबरोबर अनारसे आणले.

"बाबांनी आणलेत, काका. तेहतीस."

"एवढ्या लांबून मोडले नाहीत?"

"पत्र्याच्या डब्यात होते ना. झाकण मात्र कुठे गेलं, देव जाणे. ताटली झाकून ठेवतेय मी."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी अनारसा तोंडापर्यंत नेला आणि परत बशीत ठेवला.

त्यांना गॅलरीत घेऊन गेलो. आत एसी आणि बाहेर भट्टी, त्यामुळे चौकशी लांबणार नाही याची खात्री होती.

"झाकण कुठे आहे?"

"कसलं झाकण?"

"साहेब," मी म्हटलं, "माझं वय झालंय. मला या उकाड्यात उभं करू नका."

ते कोसळलेच. जावयाने कधीतरी बोलता बोलता नवं हँडल हवंय म्हटलं होतं. यांनी नाना पेठेत मॉडेलचं नाव सांगून ते विकत घेतलं, चादरीत गुंडाळून बॅगेतून आणलं. वाण म्हणून! नाव तेच, पण तिकडच्या गाडीचा क्लॅम्प बारीक आणि इकडच्या गाडीचा मोठा, हे कुणाला ठाऊक? जावई कामावर असताना मेकॅनिकला पार्किंगमध्ये बोलावलं. त्याने पाहिलं आणि सरळ सांगितलं, चाचा, हे या गाडीला होत नाही, मापाचं मागवू, वेळ लागेल. पण यांचं परतीचं तिकीट काढलेलं. वाण अधिक महिन्यातच द्यायला हवं आणि जावयाने ते आपल्या डोळ्यांदेखत वापरायला हवं. मग काय, झाकण, कात्री, पाना. जावयाला सांगितलं मेकॅनिकने बसवलं.

"आणि अपघातानंतर?"

"गेलो गॅरेजला. हात जोडले त्याच्यापुढे. म्हटलं, माझी लेक त्या घरात आहे, मी परत जाईपर्यंत गप्प राहा. तो म्हणाला, चाचा, तुमी हात जोडू नका, मी काय बोलत नाय." त्यांचे डोळे भरून आले होते. "एवढं व्हिसापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं हो."

मला दया यायला हवी होती, पण संताप आला. मी त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि जावयापुढे उभं केलं. त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. मुलगी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. जावई मात्र शांत. चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नाही. हा चेहरा मी ओळखतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"बाबांनी बसवल्याचं नक्की नव्हतं माहीत, काका, नुसता संशय होता. पण हँडल हलतंय हे पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग काढून का नाही ठेवलंस?"

"बाबा गॅलरीतून बघायचे ना, मी निघालो की. म्हटलं, ते गेले की बदलू."

"आणि पडल्यावर? तक्रार मेकॅनिकविरुद्ध?"

"मग काय बाबांविरुद्ध लिहू?"

इंजिनिअर माणूस! लोखंड कुठे किती भार घेतं हे ज्याला रोजच्या कामात कळतं, तो हलतं हँडल धरून हमरस्त्यावर गेला. त्याने सासऱ्यांची भीड धरली, सासऱ्यांनी जावयाची, मेकॅनिकने सासऱ्यांची आणि दुकानदाराने सगळ्यांची. भीड कुणी धरली नाही ती फक्त मेकॅनिकची, कारण तो कुणाचाच कुणी नव्हता. त्या दिवशी मी त्या घरात ठाण्यात ओरडायचो तसा ओरडलो. खालून माझी सून धावत आली.

तक्रार लिहिली गेलीच नाही. जावयाने मालकाला स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं आणि व्हिसा वाचला. सासरे जाण्यापूर्वी गॅरेजवर जाऊन आले. मेकॅनिकने त्यांनाही चहा पाजला.

पुढे महिन्याभराने माझा मुलगा आमच्या एका मराठी शेजाऱ्याची स्कूटर घेऊन त्या मेकॅनिककडे गेला. मी बरोबर होतो. त्याने स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रागावू नका, साहेब. आता मी आपल्या लोकांच्या गाड्या घेत नाय. पठाणाची आणा, फिलिपिनोची आणा. त्यांना मी काम बोलतो, ते दाम बोलतात. आपला माणूस हात जोडतो, मग मी फसतो."

खात्यात मी शिकलो होतो की माणूस भीतीने खोटं बोलतो किंवा लोभाने. चांगुलपणाने बोललेल्या खोट्याला मी कधी मोजलंच नव्हतं. त्याचीही शिक्षा कुणीतरी भोगतो आणि तो सहसा घरचा नसतो. शेजाऱ्याची स्कूटर आम्ही ढकलत दुसऱ्या गॅरेजला नेली.