न वाचता टाकलेलं आमेन

शांतवनभाऊंच्या मुलीचा, मार्थाचा फोन दुपारी तीनच्या सुमारास आला. "सिस्टर, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. मी लातूरला, माझ्या खोलीत, पंख्याखाली आडवी पडले होते. "असं कसं? सकाळी तर त्यांचा मेसेज आला होता!" मी जवळजवळ ओरडलेच तिच्यावर. मग चष्मा लावून तो मेसेज पहिल्यांदा वाचला. रोज सकाळी सहाला शांतवनभाऊ जळकोटहून ग्रुपवर बायबलमधलं एक वचन टाकायचे आणि त्याखाली आम्ही सगळे 'आमेन' लिहायचो. त्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं, 'आज जरा दम लागून राहिलाय. छाती जड हाय. वचन उद्या टाकतो.' खाली चाळीसेक आमेन. सगळ्यात वरचं माझं, हात जोडलेल्या चित्रासकट. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. दम लागून छाती जड होते म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायचं? मला स्वतःची शिसारी आली.

शांतवनभाऊ काही चर्चचे पगारी पाळक नव्हते. साधे उपदेशक. लुनावर बसून गावोगावच्या ख्रिस्ती घरांत जायचे, प्रार्थना करायचे, दिलेला चहा प्यायचे. आमच्या भागात अशी घरं तुरळक, एका गावात एक तर पुढच्या तीन गावांत एकही नाही. गुडघे गेले आणि लुना सुटली, तेव्हा मार्थाने त्यांना फोन घेऊन दिला. त्यांनी ग्रुप काढला आणि नाव ठेवलं 'आमची मंडळी'. चर्चला आम्ही मंडळीच म्हणतो. पण शेजारच्या किराणावाल्याने ते नाव पाहिलं आणि विचारलं, "काय भाऊ, तुमची मंडळी तर वारली ना? ही नवी कवा केली?" हा किस्सा भाऊच सगळ्यांना हसून सांगायचे.

मला ते खूळ वाटलं होतं. "फोनवर कुठं मंडळी भरते का?" असं मी त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "सिस्टर, रिटायर झाल्यापासून दिवसाला किती माणसांशी बोलता तुम्ही? दूधवाला सोडून सांगा." मी फोन ठेवून दिला. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती, लेकरू नाही, आणि हा माणूस मला हिशेब विचारतोय! कुणी खरं बोललं की मला राग येतो, हा माझा जुना रोग. दुसऱ्या दिवशी मुकाट ग्रुपात शिरले.

सुरुवातीला तिथं नुसता फापटपसारा. फुलांची चित्रं, कुठले कुठले व्हिडिओ, एकाने तर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात टाकली. भाऊ ग्रुपवर कुणाला रागावत नसत. त्या माणसाला वेगळा फोन लावत आणि तेलाचं राहू देऊन आधी घरचं विचारत. असं करत करत माणसं भाऊंशी बोलायला लागली. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाला पाण्यावरून भांडण झाल्यापासून गावात एकटं पडल्यासारखं वाटत होतं... एकाचं सांगणं दुसऱ्याच्या कानावर कधी गेलं नाही. म्हणून लोक सांगत होते.

आणि नेमकं ते मी घालवलं. धर्माबादच्या सगुणाने मला एकदा फोनवर सांगितलं की नवरा पिऊन येतो आणि हात उगारतो. मी लगेच ग्रुपवर टाकलं, 'प्रार्थना विनंती. सगुणाताईंच्या पतीचं व्यसन सुटावं.' ग्रुपात तिची नणंद होती. संध्याकाळपर्यंत सगुणा ग्रुपमधून बाहेर पडली. भाऊंनी मला फोन केला तेव्हा मी फणकारले, "मी काय वाईट केलं? प्रार्थनाच मागितली ना!" त्यांनी मला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाले, "सिस्टर, वॉर्डातल्या बाईचा केसपेपर तुम्ही दवाखान्याच्या गेटावर चिकटवला असता का?"

या वेळी मी फोन ठेवला नाही.

दोन दिवसांनी आम्ही नांदेडच्या स्टँडवर भेटलो आणि एसटीने धर्माबादला गेलो. भाऊ एका हाताने गुडघा दाबत बसले होते, पण सगळ्या रस्त्यात मला एका शब्दाने बोलले नाहीत. सगुणा घरापुढे मिरचीचे देठ खुडत बसली होती. मला शिंकांवर शिंका यायला लागल्या. भाऊ तिच्यासमोर जमिनीवरच बसले, त्या गुडघ्यांनिशी, आणि म्हणाले, "माय, चूक मंडळीची हाय. मंडळी मी काढली, म्हणून माझी हाय." ती वर बघेना. मग मीच शिंकत शिंकत म्हटलं, "चूक माझी गं. यांची नाही." तिने पदराने तोंड पुसलं आणि आत जाऊन पाणी आणलं. महिन्याभराने ती ग्रुपवर परत आली, पण एक शब्द कधी लिहिला नाही. रोजचं आमेन तेवढं.

दफनाला मी जळकोटला गेले. ग्रुपातली बरीच माणसं आली होती, आणि मला त्यांचे फोनवर ऐकलेले आवाज ओळखू येत होते, तोंडं नाही. मी कोपऱ्यात उभी राहिले. कुणी माझ्याकडे पाहिलं की वाटायचं, याला माझं आमेन दिसलंय. परत आल्यावर चार दिवस ग्रुपवर श्रद्धांजल्या चालल्या. मग सकाळचे सहा वाजायचे आणि काहीच यायचं नाही. मी फोन हातात घेऊन बसायची. दूधवाल्याशी बोलणंही नकोसं झालं. इतकं एकटं मला मालक गेल्यावरही वाटलं नव्हतं, खरं सांगते.

एका रविवारी दुपारी सगुणाचा फोन आला. ती आपणहून कधी करत नसे.

"अक्का, लई दिवस झाले, ग्रुपवर दिसंना तुम्ही. बऱ्या हाव का?"

"बरी आहे."

"तसं न्हाई. आज काय शिजवलं?"

ओट्यावर सकाळच्या चहाचं पातेलं तेवढं होतं.

"भाऊ मला दर शनिवारी असंच इचारायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, बरं हाय असं माणूस पटकन सांगून टाकतं. भाजीचं खोटं लवकर सुचत न्हाई."

दर शनिवारी! मला त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? केसपेपर गेटावर लावणारी बाई मी. माझा बांध फुटला. "सगुणा, त्यांनी दम लागतोय म्हणून लिहिलं होतं गं. मी वाचलंच नाही. आमेन टाकून दिलं... नर्स असून!"

मला वाटलं, आता ही फोन ठेवणार. मग ती हळूच म्हणाली, "म्या बी टाकलं, अक्का. म्या बी वाचलं न्हाई."

दोघी रडलो. मग ती नाक ओढत म्हणाली, "उठा आता. भात तरी टाका. म्या हाय फोनवर."

फोन ओट्यावर ठेवला आणि तांदूळ धुवायला घेतले. "धुतले का?" तिने विचारलं. "धुतेय," मी म्हटलं. तिच्याकडे कोंबड्या ओरडत होत्या. भात होईपर्यंत तिने फोन ठेवला नाही.