आईच्या पत्रकाचा खालचा अर्धा भाग

तुमच्या कॉम्प्युटरवरची सगळ्यात जुनी फाईल तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत कधी वाचलीत? फोल्डरमध्ये तिचं नाव दिसतं म्हणून ती शाबूत आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले होते. मी पत्रकांच्या घरात वाढले. श्रीरामपूरच्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि वडील दोघंही चळवळीतले, आणि घराचा एक नियम कडक होता: पत्रक साठवायचं नसतं, वाटायचं असतं. त्यामुळे कॉलेजात असताना मी सगळी पत्रकं स्कॅन केली, तेव्हा वडिलांनी उरलेल्या शेवटच्या प्रतीसुद्धा एसटी स्टँडवर वाटून टाकल्या. त्या आनंदात आम्ही तिघांनी भेळ खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात बायकांच्या एका मेळाव्यात आईला तिचं पत्रक वाचायला बोलावलं. विशीत असताना तिनं ते ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी लिहिलं होतं. तिचं एकटीचं असं तेवढंच. बाकी सगळी वडिलांची. मी फाईल उघडली. वर मथळा, ‘एका कोयत्यात दोन माणसं असतात’, कारण तोडीला नवराबायकोची जोडी मिळून एकच ‘कोयता’ मोजतात. मग पाच ओळी. आणि त्याखाली पान संपेपर्यंत सपाट राखाडी रंग.

बॅकअपची डिस्क लावली. तिथेही राखाडी. दर महिन्याला मी नवी प्रत जुन्या प्रतीवर चढवत होते ना. कधीतरी डिस्कवरचा एक तुकडा बिघडला, कॉम्प्युटर काही बोलला नाही, आणि तो बिघाड मी माझ्या हातानं चांगल्या प्रतीवर चढवला.

“एवढी शिकली आणि पुसून मोकळी झाली,” वडील म्हणाले.

“आणि स्टँडवर वाटून कोण मोकळं झालं होतं?” आई म्हणाली.

मी आईला म्हटलं, तुला पाठ असेलच की.

“असेल. पण आता सांगायला बसले तर सुधारून सांगेन. तेव्हाची मी काय म्हणाले होते, ते पाहिजे मला.”

मेळावा रविवारी होता आणि हा बुधवार. कुणाकडे प्रत उरलीय का, हे विचारायला वडिलांनी ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. श्रीगोंद्याकडच्या एक मावशी, त्या काळी तोडीला जाणाऱ्या, फोनवर एवढंच म्हणाल्या, “हाय की. या.”

शुक्रवारी आई आणि मी एसटीनं गेलो. मावशींनी रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून पत्रक काढलं. चार घड्या घातलेलं, कडा मऊ झालेल्या.

“तुम्ही वाचायला शिकलात का नंतर?” आईनं विचारलं.

“न्हाई. पर पाठ हाय. फडावर ज्याला वाचता यायचं त्याला धरून बसवायचे मी. लई जन कटाळले माझ्यापायी.”

छापायच्या आधी आमच्या घरी एक जण मजकूर मोठ्यानं म्हणतो आणि दुसरा कागदावर बोट ठेवून मेळ बघतो. ओट्यावर तेच सुरू झालं. मावशी बोलत गेल्या, आईचं बोट सरकत गेलं. घडीवर एका ठिकाणी कागद फाटून मधला शब्दच गेला होता. ‘बाळंतिणीला’, मग भोक, मग ‘सुट्टी’.

“भरपगारी,” आई म्हणाली.

“न्हाई बाई. हक्काची.”

“अहो, मी लिहिलंय ते.”

“लिवलं तुमी. पाठ कुनी केलं?”

मी कागद उन्हाकडे धरला. भोकाच्या एका कडेला ‘ह’ उरला होता, दुसऱ्या कडेला ‘ची’. आई इतकी हसली की मावशींच्या खांद्यावर तिला डोकं टेकावं लागलं. “बघ, म्हटलं होतं ना, सुधारून सांगेन,” ती मला म्हणाली.

कागद काही मावशींनी दिला नाही. “फोटू घ्या. ह्यो माजा हाय.” बरोबरच होतं. रविवारी आईनं ते पत्रक अख्खं वाचलं, आणि पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या मावशींचे ओठ तिच्या एक शब्द पुढे हलत होते.

त्यानंतर मी कॉम्प्युटरवर झेडएफएस ही फाईल सिस्टीम बसवली. डिस्कवर काय कुठे ठेवायचं हे जी व्यवस्था बघते ती फाईल सिस्टीम. आपल्या रोजच्या वापरातल्या बऱ्याच व्यवस्था मजकूर तपासत नाहीत. डिस्कनं जे दिलं ते मुकाट्यानं पुढे सरकवतात. जिला प्रश्न विचारता येत नाही अशी कुठलीही व्यवस्था मला मान्य नाही. ही नवी व्यवस्था प्रत्येक तुकडा लिहिताना त्याच्यावरून पडताळणीचा एक आकडा काढून ठेवते. वाचताना आकडा जुळला नाही, तर जोडीला लावलेल्या, तोच मजकूर असलेल्या दुसऱ्या डिस्कवरचा चांगला तुकडा घेऊन बिघडलेला दुरुस्त करते. महिन्यातून एकदा मी तिला सगळंच तपासायला लावते.

दुसरी डिस्क दुरुस्तीच्या दुकानातून आणलेली, जुनी. पहिल्याच तपासणीत थोडा मजकूर बिघडलेला सापडला आणि जागच्या जागी दुरुस्त झाला. मी उड्या मारत घरात सांगितलं.

“कुणाच्या पत्रकातला?” वडिलांनी विचारलं.

“ते सांगत नाही ती.”

“माझ्याच असणार. माझी जास्त आहेत.”

“झालं, इथेही ह्यांचा पहिला नंबर,” आई म्हणाली.

मात्र ते राखाडी पान मी तसंच या नव्या व्यवस्थेच्या हवाली केलं असतं, तर तिनं राखाडीच जपलं असतं, एक ठिपका न हलवता. आत जातंय ते खरं आहे का, हे आधी माणसांनी बघावं लागतं.

म्हणून आज एक काम करा. घरातल्या कुणाचं तरी एकच पत्र, एकच फोटो किंवा एकच रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल. त्या माणसाला शेजारी बसवा आणि ती फाईल शेवटपर्यंत उघडा. पुरी निघाली, तर दुसऱ्या डिस्कवर तिची नवी प्रत ठेवा. जुन्या प्रतीवर चढवू नका.